इसाराचा कोट

इंटरचा, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेचा, निकाल लागला तेव्हा मी गावी मेंढरांमागे होतो. निकालाचे वर्तमानपत्र सांगोल्याच्या हेडमास्तरांकडे आले. त्यांनी माझ्या नंबराखाली शाईने रेघ ओढून ते एका बाजारकऱ्याच्या हाती पाठवले. ती रेघ पाहून मी कोरड्या ओढ्याच्या कडेला बसूनच राहिलो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लांबूनच विचारले, "काय वाईट न्हाय न्हवं?" पास झालो म्हटल्यावर ते "बरं झालं" म्हणाले आणि काटेरी कुंपणात अडकलेल्या एका मेंढीला सोडवायला गेले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळा पाहिलेली नव्हती. पास होणे म्हणजे नेमके काय ते त्यांना ठाऊक नव्हते, आणि मलाही ते समजावून सांगता येत नसे.

त्या साली आणि त्याच्या आदल्या साली आमच्या भागात पाऊस झाला नव्हता. कळप निम्म्यावर आला होता. पुण्याच्या कॉलेजात मला नादारी होती, त्यामुळे फीची काळजी नव्हती. पण खाणावळीचे काय करायचे, हे घरात कोणालाच सुचत नव्हते. मी प्रिन्सिपॉलसाहेबांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर लगेच आले. एक वर्ष बाहेर काम कर, पुढच्या जूनपर्यंत तुझी नादारी मी राखून ठेवतो, असे त्यांनी लिहिले होते. मात्र त्यापुढे ती ठेवता येणार नाही, कारण मागे दुसरी मुले वाट पाहत आहेत, हेही लिहिले होते. ते पत्र मी इतक्यांदा वाचले की त्यातल्या इंग्रजी वाक्यांची चाल मला अजून पाठ आहे. बी. ए. व्हायचे तर माझ्या हातात बरोबर एक वर्ष होते.

सांगोल्याच्या हेडमास्तरांनी मला सोलापूरच्या एका वकिलांकडे पाठवले. ते एका नव्या इंग्रजी शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी होते. त्यांना मास्तर हवा होता. आबा माझ्याबरोबर आले. वकीलसाहेबांच्या ऑफिसात पक्षकारांसाठी एक लांब बाक होते. आबा खाली बसू लागले तर वकीलसाहेबांनी त्यांना हाताला धरून बाकावर बसवले. हे मला फार आवडले होते. त्यांच्याविषयी लिहिताना ते विसरू नये असे वाटते.

बोलणे लवकर झाले. पगार ठरला, आणि तो पुढे ठरल्याप्रमाणेच मिळत गेला. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. खरी गोष्ट मुदतीची होती. मी प्रिन्सिपॉलसाहेबांचे पत्र दाखवले. वकीलसाहेबांनी ते चष्मा लावून वाचले आणि म्हणाले, "एका वर्षाचाच प्रश्न आहे ना? एक वर्ष आमच्या मुलांना शिकव. पुढच्या जूनला तू पुण्याला जा. मी अडवणार नाही."

आबांनी पुन्हा विचारले, "एकच साल न्हवं, सायब?"

"एकच साल."

परतीच्या वाटेवर आबा फार खुशीत होते. सायब मोजकं बोलतो, म्हणजे माणूस पक्का हाय, असे ते म्हणाले.

जूनमध्ये मी शाळेत गेलो तो धोतर, सदरा आणि टोपी अशा वेषात. कोट माझ्यापाशी नव्हता. कॉलेजातही मी एका मित्राचा जुना कोट वापरीत असे, आणि तो मी परत केला होता. वकीलसाहेबांनी मला वर्गाच्या दारातच थांबवले आणि मास्तर म्हणून उभे राहायचे तर कोट हवा असे सांगितले. संध्याकाळी मला स्वतः साखर पेठेतल्या शिंप्याकडे घेऊन गेले. शिंपी तेलुगू बोलणारा होता. माप घेताना तो म्हणाला, "हात लई लांब की वो तुमचा, मास्तर. काठी धरून धरून का?" त्याला कसे कळले कोण जाणे. वकीलसाहेब हसले, मीही हसलो. काळ्या कापडाचा तो कोट शाळेकडून म्हणून मला मिळाला.

माझ्या वर्गातली बहुतेक मुले विणकरांच्या घरची होती. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि माझ्यासमोर इंग्रजी. मी एखाद्या शब्दाचा अर्थ मराठीत सांगितला की मागच्या बाकावरून कोणीतरी तो तेलुगूत सांगे आणि मग सगळ्या वर्गाला तो कळल्याचा आवाज होई. मला हे काम आवडू लागले होते. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला की मी तळ्याच्या काठी जाई आणि पुण्याहून मागवलेली पुढच्या वर्षाची, ज्युनिअर बी. ए.ची, पुस्तके वाची. वर्ष वाया जाऊ नये एवढाच हेतू. जूनला वर्गात बसेन तेव्हा इतरांच्या मागे पडणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घाली.

दिवाळीनंतर इन्स्पेक्टर शाळा पाहून गेले. त्यांनी शेरा दिला की या शाळेत मास्तर टिकत नाहीत, आणि अशा शाळेला मान्यता कशी द्यावी. शेरा खोटा नव्हता. माझ्याआधीचे दोन मास्तर वर्षाच्या मध्येच गेले होते. थोड्याच दिवसांनी वकीलसाहेबांनी मला ऑफिसात बोलावले आणि टाईप केलेला करारनामा समोर ठेवला.

करार इंग्रजीत होता. मी तो एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. गेल्या जूनपासून तीन वर्षे नोकरी. मुदतीपूर्वी शाळा सोडता येणार नाही. कमिटीच्या परवानगीवाचून विद्यापीठाच्या कोणत्याही परीक्षेस बसता येणार नाही. मूळ सर्टिफिकिटे मुदत संपेपर्यंत सेक्रेटरींच्या ताब्यात राहतील. इंग्रजी सोपे होते. मला त्यात एकही शब्द अडला नाही.

मी म्हणालो, "सर, यात तीन वर्षे लिहिली आहेत."

"ते इन्स्पेक्टरसाठी. सगळ्या मास्तरांचा नमुना एकच आहे."

"पण आपण एक म्हणाला होता."

"म्हणालो होतो. नाही कुठे म्हणतो आहे?" त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "अरे, कागद कागदाच्या जागी असतो."

मग मला जूनमध्ये मोकळे केले जाईल एवढी ओळ खाली लिहावी, असे मी सुचवले. माझा आवाज बहुधा फार बारीक झाला असावा, कारण मला ते दोनदा सांगावे लागले. वकीलसाहेब म्हणाले की तशी ओळ लिहिली तर इन्स्पेक्टर नेमकी तीच वाचील. हे खरेच होते.  वडिलांना विचारतो, एवढेच म्हणून मी उठलो. त्यांनीही लगेच मान्य केले. जरूर बोलाव, त्यांच्यासमोरच होऊ दे, म्हणाले.

आबा सर्व्हिस मोटारीने आले. मी त्यांना स्टँडवरून खोलीवर नेले आणि करारातले प्रत्येक कलम मराठीत सांगितले. ते भाकरी खात ऐकत होते. तीन वर्षे झाली तर नादारी जाईल, नादारी गेली की कॉलेज गेले, हे मी दोन-तीन तऱ्हांनी सांगितले. ते म्हणाले, "उद्या सायबास्नीच इचारू की."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आबांनी सरळ विचारले, "सायब, सालाचं तीन साल कसं झालं?" वकीलसाहेबांनी इन्स्पेक्टरची हकीकत सांगितली. आबांना ती पटल्यासारखी दिसली. तेव्हा मी, का कोण जाणे, उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, एक वर्ष लिहिलं तरच मी सही करीन. नाहीतर मला आजच मोकळं करा."

इतके स्पष्ट मी त्यापूर्वी कोणाशी बोललो नव्हतो. बाकावरचा एक पक्षकार माझ्याकडे पाहू लागला.  वकीलसाहेबांनी करारनामा आपल्याकडे ओढला, फाउंटनपेनचे टोपण काढले आणि मुदतीच्या ओळीवर निब आणली. दोन्ही प्रती बदलाव्या लागतील, असे ते स्वतःशीच म्हणाले. थोडेसे चिडून, थोडेसे थट्टेने ते पुढे बोलले, "खोली बघून दिली, कोट शिवून दिला, आणि आता हा मला अटी घालतो."

आबांनी मान वर केली. "कोट सायबांनी दिलाय?"

मी म्हणालो, "शाळेनं दिलाय, आबा."

"कवा?"

"पहिल्याच दिवशी."

"मंजी कागदाच्या आदी."

"होय."

"मंग त्यो इसार झाला की."

इथे इसाराविषयी सांगायला हवे. आमच्याकडे बाजारात जनावर ठरते ते रुमालाखाली. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली एकमेकांची बोटे धरतात आणि भाव बोटांनी सांगतात. ठरले की घेणारा काहीतरी हातावर ठेवतो; बहुधा थोडे पैसे, पैसे नसले तर दुसरी एखादी वस्तू. तो इसार. इसार घेतला की सौदा पक्का. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाने कितीही दिले तरी जनावर वळत नाही. आबांनी एकदा एक मेंढा असा इसारावर ठेवला होता. घेणारा पुढच्या बाजारी आलाच नाही, त्याच्या पुढच्या बाजारीही नाही. मधल्या काळात दोघांनी जास्त भावाने मागितला तरी आबांनी तो दिला नाही. आई रागावली तेव्हा, त्याचा इसार माझ्याकडं हाय, एवढेच ते म्हणाले. बाजारात आबांचे नाव होते ते यामुळेच.

 इसार हा शब्द वकीलसाहेबांना नवा नव्हता. जमिनीच्या व्यवहारात तो त्यांच्याकडे रोज येत असणार. पण त्या कोटाकडे त्यांनी तसे पाहिले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. मग ते हसले. पेनाला टोपण लावून मला म्हणाले, "तुझे वडील माझ्यापेक्षा चांगले वकील आहेत."

आबांना ती थट्टा वाटली नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "इसार अंगावर घालून हिंडतोस आन् आता अट सांगतोस? तसं करू न्हाय. कर सई."

मी सही केली. सर्टिफिकिटे मी बरोबर आणली होतीच. कारकुनाने ती कपाटात ठेवली.

ती निब खरोखरच कागदावर टेकली असती का, याचा मी अनेकदा विचार केला आहे. कदाचित वकीलसाहेबांनी दोन वर्षे लिहिली असती. कदाचित कमिटीपुढे ठेवतो म्हणून पेन तसेच मिटले असते. मला सांगता येत नाही.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, "आबा, ते बदलणार होते."

"बदलू दे, न बदलू दे. सायब एक साल बोललाय न्हवं?"

"पण कागदावर तीन आहे."

"आरं, इसार काय एकट्याला बांधतो का? घेणाऱ्याला बांधतो तसा देणाऱ्याला बी बांधतो. इसार दिल्यावर त्याला बी शबुद फिरवता येत न्हाय." ते माझ्या पाठीवरून, त्या कोटावरून, हात फिरवीत म्हणाले, "आपुन आपला पाळला. आता त्यो त्याचा पाळंल. तू घोर करू नगंस."

त्या इंग्रजी कागदाला इसार ठाऊक नाही, हे मला सांगायचे होते. पण ते इतक्या खात्रीने बोलत होते की आम्ही मोटारस्टँडवर पोचेपर्यंत माझाही अर्धा विश्वास बसला.

मार्चअखेर शाळेला मान्यता मिळाली. शाळेत पेढे वाटले. एप्रिलमध्ये मी वकीलसाहेबांकडे गेलो आणि जूनची आठवण दिली. ते आता मला "मास्तर, तुम्ही" म्हणू लागले होते. त्यांनी शांतपणे समजावले. मान्यता मिळाली ती करार केलेल्या मास्तरांच्या नावांवर. पहिल्याच जूनला एक नाव गेले तर ती काढून घेतील. निर्णय माझ्या एकट्याच्या हाती असता तर तुम्हाला सोडले असते, असे ते म्हणाले. मला ते खोटे बोलत आहेत असे वाटले नाही, आणि त्यामुळे मला भांडताही आले नाही. निदान सर्टिफिकिटे द्यावीत असे मी म्हणालो. त्यांनी कराराकडे बोट दाखवले.

मी प्रिन्सिपॉलसाहेबांना लिहिले. त्यांचे उत्तर यायला या वेळी वेळ लागला. नादारी दुसऱ्या विद्यार्थ्याला दिली आहे, तोही तुझ्यासारखाच गरजू आहे, असे होते. शेवटी त्यांनी माझ्या अभ्यासाची चौकशी केली होती. त्याला काय उत्तर द्यावे ते न सुचल्यामुळे ते पत्र तसेच राहिले.

घरी मी काही कळवले नाही. आबांना पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे, आणि ही गोष्ट त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी असे मला वाटत नव्हते. सुट्टीत जाऊन सांगीन म्हणत होतो, पण कमिटीने सुट्टीत नापास मुलांचा वर्ग माझ्याकडे दिला.

जूनमध्ये आबा स्वतःच आले. त्यांच्या खांद्यावर नवे घोंगडे होते. पुण्याला थंडी फार, म्हणून आपल्याच मेंढरांच्या लोकरीचे त्यांनी ते विणून घेतले होते. आईने चटणी आणि वाळवणाची गाठोडी बांधून दिली होती. ते सगळे माझ्या खोलीत ठेवून त्यांनी विचारले, "गाडी कवा हाय पुन्याची?"

मग मला सांगावेच लागले. ते ऐकून घेतल्यावर त्यांनी फेटा पुन्हा नीट बांधला आणि म्हणाले, "चल, सायबाकडं."

वकीलसाहेब कोर्टात गेले होते. आम्ही त्या बाकावर बसून राहिलो. ते परत आले तेव्हा दमलेले दिसत होते. आबा उठून उभे राहिले.

"सायब, साल झालं. पोराला न्यायला आलोय."

वकीलसाहेबांनी कारकुनाकडून करारनामा काढून घेतला आणि सही दाखवली. "बाबा, ही सही तुमच्यासमोरच झाली ना?"

"व्हय."

"तुम्हीच करायला सांगितलीत."

"व्हय. आन् एक साल तुमी बी माझ्यासमोरच बोलला हुता."

"बोललो होतो," वकीलसाहेब म्हणाले. "नाही म्हणत नाही. पण बोललेलं कोर्टात धरत नाहीत, बाबा."

आबा म्हणाले, "मी कोर्टात न्हाय आलो, सायब. तुमच्याकडं आलोय."

वकीलसाहेबांनी कागद खाली ठेवला.  कारकुनाला चहा आणायला सांगितले. चहा आला, आबांच्या बाजूला बाकावर ठेवला गेला आणि तिथेच निवला. बाकीचे पक्षकार आपापले दप्तर चाळू लागले. शेवटी मीच आबांना म्हणालो, चला.

 मेंढ्याच्या सौद्यात असा माणूस भेटला असता तर बाजाराने त्याला पुन्हा उभे केले नसते, असे काहीतरी ते स्टँडवर पुटपुटले. मग मला विचारले, "त्या कागदात इसाराचं काय लिवलंय?"

"काही नाही, आबा."

"आन् सायब बोलला, त्याचं?"

"तेही नाही."

त्यांनी मान हलवली. मोटार सुटली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तरी मी काय केले असते.

त्या दिवाळीला मी घरी गेलो तर माझा धाकटा भाऊ मेंढरांमागे होता. आबांनी त्याला सांगोल्याच्या शाळेतून काढले होते. तो हुशार होता, गणितात माझ्यापेक्षा पुढे. हेडमास्तरांनी दोनदा निरोप धाडला होता. मी आबांना खूप विनवले. त्याचा सगळा खर्च मी करतो, त्याला माझ्याजवळ सोलापूरला ठेवतो, असे म्हणालो. आबा चिडले नाहीत. हातातल्या कातरीने ते एका मेंढीची लोकर कातरत होते, आणि कातरता कातरताच म्हणाले, "तुला त्यो कागुद वाचता येत हुता का?"

"येत होता."

"समदा?"

"सगळा."

"मंग? वाचून तू काय केलंस? त्याला बी वाचाया शिकवायचं, आन् त्यानं बी वाचून सई करायची?"

सही तुम्हीच करायला लावली, असे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. पण ते त्यांनाही ठाऊक होते. माझ्यापेक्षा त्यांना ते जास्त ठाऊक होते असे मला वाटते, आणि भावाला शाळेतून काढण्यामागे तेच होते.

करार गेल्या जूनला संपला. वकीलसाहेबांनी सर्टिफिकिटे कपाटातून काढून स्वतः माझ्या हातात दिली आणि आता तुम्ही मोकळे आहात म्हणाले. मी पुण्याला जाऊन आलो. जुने प्रिन्सिपॉल निवृत्त झाले होते. नव्यांनी माझे ऐकून घेतले, पण एवढी वर्षे बाहेर काढलेल्या विद्यार्थ्याला नादारी देण्याचा त्यांच्याकडे नियम नव्हता. अंगणातून मुले पुस्तके घेऊन जात होती, ती मला फार लहान वाटली. सोलापूरला परत आल्यावर मी पुन्हा तीन वर्षांची सही केली. या वेळी वकीलसाहेबांनी तोंडी काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

मी अजून मनात स्वतःला विद्यार्थीच समजतो. ज्युनिअरची पुस्तके माझ्याकडे आहेत, कधीकधी वाचतो. भाऊ आता कळप घेऊन पार भीमेच्या काठापर्यंत जातो आणि महिना-महिना घरी येत नाही. पूर्वी तो मला दादा म्हणत असे. आता आई सोडून घरातले सगळे मला मास्तर म्हणतात, आबासुद्धा.